परसातील लाकडी झोका : तो पडतो का व टिकतो कसा

श्रावण शुद्ध पंचमी जवळ आली म्हणजे आपल्या जालना जिल्ह्यातील प्रत्येक गावी लिंबाच्या फांदीस झोके लागतात, सासुरवाशिणी माहेरी येतात व चार दिवस घर भरून जाते. पूर्वी मोटेचा जुना नाडा झोक्यास उपयोगी पडे. मोट गेली, नाडा गेला, गावाजवळची मोठी झाडेही पुष्कळ ठिकाणी गेली. सबब अलीकडे बरेच शेतकरी आपल्या परसात किंवा शेतातील वस्तीवर लाकडी घोडी उभी करून मुलांकरिता कायमचा झोका करू लागले आहेत. ही गोष्ट चांगलीच आहे. परंतु बैलगाडीचा जू किंवा विहिरीचे रहाट करताना आपण जेवढा विचार करतो, त्याच्या चौथाईही विचार मुलांचा झोका करताना करीत नाही. तो विचार कसा करावा हे सांगण्याकरिता हा लेख आहे. आम्ही सुतार नाही, तथापि एकदा चूक करून ती निस्तरली आहे, एवढाच आमचा अधिकार.

आमच्या परसात पहिला झोका उभा केला तेव्हा चार खांब काळ्या जमिनीत अडीच अडीच फूट गाडून, खड्ड्यातून निघालेली तीच माती पुन्हा चोपून भरली होती. वर हिरवा रंग दिला. दिसावयास झोका सुबक होता. पहिल्या वैशाखात जमिनीस भेगा पडल्या व खांब हाताने हालू लागले. आम्ही त्या फटीत दगड ठोकले व काम झाले असे समजलो. तिसऱ्या वर्षी ऐन पंचमीस, आमची नात व तिची आतेबहीण झोक्यावर असता एक खांब जमिनीलगत काडकन मोडला. घोडी बाजूस कलली. नातीचा उजवा हात मनगटाच्या वर मोडला, तो दीड महिना प्लास्टरात राहिला. डोक्यावर तुळई आली नाही, ही देवाची कृपा. मोडलेला खांब पाहिला तो जमिनीच्या वर दोन फूट ठणठणीत, खाली अर्धा फूट गेल्यावरही बरा, आणि मध्ये जमिनीच्या रेषेवर मात्र रंगाच्या पापुद्र्याआड केवळ भुसा. दोष कारागिराचा म्हणावा तर वैशाखात खांब हालताना आम्ही स्वतः पाहिला होता. सबब दोष आमचाच.

काळी जमीन व खांब

आपल्या भागातील काळ्या जमिनीत मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती पुष्कळ असते. तिचे कण अतिशय पातळ पापुद्र्यांचे असून पावसाचे पाणी त्या पापुद्र्यांच्या मध्ये शिरते व माती फुगते. उन्हाळ्यात ते पाणी उडून गेले म्हणजे माती आकसते व भेगा पडतात. कपाशीस हा गुण उपकारक आहे, कारण ही जमीन ओल धरून ठेवते. पण खांबास तो घातक होय. पावसाळ्यात फुगणारी माती खांबाच्या अंगास घट्ट धरून त्यास वर उचलू पाहते. उन्हाळ्यात तीच त्यास सोडून देते. असे दोनचार वेळा झाले म्हणजे खांब पाचर निघावी तसा सुटा होतो. फटीत दगड ठोकल्याने काही लाभ नाही, कारण पुढील पावसाळ्यात माती त्या दगडासच ढकलीत असते.

दुसरा शत्रू कूज. लाकूड कुजविणाऱ्या बुरशीस ओल व हवा दोन्ही लागतात. खांबाचा वरचा भाग हवेत असतो पण कोरडा राहतो. खोलवरचा भाग ओला असतो पण तेथे हवा कमी. जमिनीच्या रेषेवर मात्र दोन्ही गोष्टी बारमाही मिळतात, म्हणून खांब नेहमी तेथेच मोडतो. वाळवीही जमिनीतूनच चढते. वरून दिलेल्या रंगाने ओल आत जावयाची थांबत नाही, उलट आत गेलेली लवकर बाहेर पडत नाही, व आतील विनाश डोळ्यांस दिसत नाही.

या दोन्ही रोगांवरचा उपाय आपल्या वाडवडिलांस ठाऊक होता. मराठवाड्यातील कोणतेही जुने माळवदाचे घर पाहावे. त्याचा एकही सागवानी खांब जमिनीत गाडलेला नसतो. प्रत्येक खांबाखाली दगडाचा तळखडा असतो. लाकूड मातीस शिवत नाही, म्हणून खांब पिढ्यान्‌पिढ्या उभे राहिले. घराचा खांब माळवदाच्या भारानेच जागेवर दाबला जातो; झोक्याच्या घोडीस तसा भार नाही, उलट तिला ओढ बसते. सबब आपणांस तळखडा तर हवाच, पण खांब त्यास लोखंडाने जखडलाही पाहिजे. आमच्या दुसऱ्या झोक्याचे सारे तत्त्व एवढ्यात आले.

झोक्याचा भार किती

मूल पाटावर स्वस्थ बसले असता दोरावर त्याच्या वजनाइतकाच भार येतो. झोका चालू झाला म्हणजे तसे राहत नाही. उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत झोका चढत असेल तर खाली येताना तळाशी दोरावर वजनाच्या दुप्पट भार पडतो. दोर आडवा होईपर्यंत झोका चढविल्यास तो तिप्पट होतो. ६० किलोच्या माणसाचा भार अशा वेळी १८० किलो झाला. म्हणून तुळई, कड्या व दोर हे नेहमी तिप्पट वजनाच्या हिशेबाने निवडावे.

याखेरीज झोका घोडीस पुढे व मागे ओढतो. ६० अंशांच्या झोक्यात ही आडवी ओढ वजनाच्या सुमारे पाच-षष्ठांश होते, म्हणजे ६० किलोच्या माणसामागे ५० किलो. आणि ती नऊ फूट उंचीवर लागत असल्यामुळे तिची तरफ मोठी होते. सहा फूट पसरलेल्या पायांची घोडी नुसती जमिनीवर ठेवली व दोन्ही पाटांवर दोन थोर माणसे एकाच लयीत झोके घेऊ लागली, तर तिचे एका बाजूचे पाय जमिनीवरून सुटू लागतात. मुलांकरिता केलेल्या झोक्यावर पंचमीस थोर मुली बसणारच, हे धरूनच हिशेब करावा.

पाटाचा वेगही ध्यानात घ्यावा. साडेसात फूट दोराचा झोका ६० अंशांवरून खाली येतो तेव्हा पाटाचा वेग तासास सुमारे १७ किलोमीटर असतो. जड फळीचा पाट या वेगाने समोरून धावत येणाऱ्या लहान मुलाच्या कपाळी बसल्यास काय होईल ते सांगणे नको.

जागा

घोडीच्या पुढे व मागे, तुळईपासून मोजून, १४ फूट जागा मोकळी असावी. तेथे विहीर, हौद, दगडी कुंपण, नांगर, वखर, तारेचे खांब काही नसावे. वरून विजेची तार जात असेल तर ती जागा सर्वथा वर्ज्य करावी. झोका उत्तर-दक्षिण चालेल अशी घोडी ठेवावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे ऊन मुलांच्या डोळ्यांवर येत नाही. गोठ्याकडे जाण्याची वाट झोक्याच्या मार्गातून नसावी. स्वयंपाकघराच्या दारातून झोका दिसेल अशी जागा सर्वांत उत्तम, कारण मुलांवर लक्ष कोणाचे असते हे प्रत्येक घरास ठाऊक आहे.

लाकूड

सागाचा गाभा सर्वांत चांगला. त्यास वाळवी सहसा लागत नाही. पण सागाचाही बाहेरचा पांढरा भाग टिकाऊ नसतो, तो घेऊ नये. बाभूळ कठीण व चिवट असून गाडीच्या कामास प्रसिद्ध आहे, परंतु दहा-बारा फूट सरळ बाभूळ क्वचित मिळते. तिच्या आखूड पट्ट्या कराव्या. आंबा व सावर यांचे लाकूड उघड्यावर लवकर कुजते. निलगिरी सरळ मिळते, पण वाळताना फार तडकते. ओले लाकूड कोणतेही घेऊ नये. जाड लाकूड वाळण्यास इंचामागे वर्ष लागते असा स्थूल हिशेब आहे. म्हणजे चार इंची खांबास बराच काळ थांबावे लागेल.

यावर सोपा मार्ग असा की, गावोगाव माळवदाची घरे पाडून सिमेंटची घरे होत आहेत, त्यांतील जुन्या सागवानी तुळया व खांब विकत मिळतात. हे लाकूड पूर्ण वाळलेले असते. घेताना हातोडीने ठोकून पाहावे. खणखणीत आवाज यावा, बद्द आवाज आल्यास आत पोकळी आहे असे समजावे. बारीक छिद्रांतून पीठ गळत असेल तर ते लाकूड सोडावे. जुने खिळे सर्व उपटावे, नाहीतर करवतीचे दात जातात. तुळईच्या मध्यभागी मोठी गाठ किंवा जुनी खाच नसावी.

स्वतःच्या शेतातील झाड तोडून लाकूड करावयाचे असल्यास एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगतो, कारण आमचा जन्म महसूल कचेरीत गेला. १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या महाराष्ट्राच्या कायद्यान्वये साग, आंबा, चिंच, जांभूळ इत्यादी झाडे आपल्या मालकीची असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. अर्ज आधी करावा, कुऱ्हाड नंतर लावावी. एका झोक्यापायी दंड व पंचनामा ओढवून घेणारे गृहस्थ आम्ही पाहिले आहेत.

मापे

दोन पाटांच्या झोक्यास पुढील लाकूड लागते :

पाय : ४ नग, लांबी १० फूट, ४ इंच बाय ४ इंच.
तुळई : १ नग, लांबी १२ फूट, ६ इंच उंच व ४ इंच रुंद.
आडव्या पट्ट्या : ४ नग, ४ इंच बाय २ इंच, दोन तुळईखाली, दोन जमिनीपासून ३ फुटांवर.
तिरपे टेकू : २ नग, लांबी ३ फूट, ३ इंच बाय ३ इंच.

तुळई उभी घालावी, आडवी घालू नये. तुळईचे बळ रुंदीच्या प्रमाणात वाढते, पण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तेच ६ बाय ४ चे लाकूड उभे घातल्यास आडव्यापेक्षा दीडपट बळकट होते, व त्यास पैसा एकही अधिक पडत नाही. दोन कैच्यांमधील अंतर १० फूट ठेवावे. त्यात दीड दीड फुटाचे दोन पाट, त्यांच्यामध्ये २ फूट, व पाट आणि कैची यांच्यामध्ये दोन्हीकडे अडीच फूट, असा बरोबर हिशेब बसतो. याहून दाटी केल्यास पाटावरील मुलाचा गुडघा खांबावर आदळतो.

घोडीची उभारणी

प्रथम सपाट अंगणात खडूने कैचीची पूर्ण मापाची आकृती काढावी : उंची ९ फूट, खालचा पसारा ६ फूट. म्हणजे प्रत्येक पाय दर फुटास ४ इंच कलतो. पाय त्या आकृतीवर ठेवूनच वरचा व खालचा काप आखावा. कागदावरील हिशेबापेक्षा हे बिनचूक ठरते. दोन्ही पायांची वरची टोके तुळईस दोन्ही अंगांनी कवटाळतील अशी तासावी. तुळईच्या बरोबर खाली आडवी पट्टी दोन्ही पायांस बोल्टाने जोडावी, व तुळई त्या पट्टीवर बसवावी. भार पट्टीने घ्यावा, बोल्टांनी केवळ धरून ठेवावे. मग पाय व तुळई यांतून आरपार दोन बोल्ट घालावे. सर्व बोल्ट अर्धा इंच जाडीचे, दोन्हीकडे मोठी चकती घालून आवळावे. खिळ्यांवर कोणताही सांधा सोडू नये. हालत्या भाराने खिळा हळूहळू सुटतो. तुळई व कैची यांच्या कोनात तिरपे टेकू बसवावे, म्हणजे घोडी लांबीच्या दिशेने डुलत नाही. हे टेकू पाटाच्या दोरास लागणार नाहीत असे आखूड ठेवावे.

पाया

खड्डे वैशाखात खणावे. एक तर तेव्हा जमीन पूर्ण आकसलेली असते. दुसरे, नागपंचमीस भूमी खणू नये हा आपला प्रघात आहे, तेव्हा ऐन वेळी घाई उपयोगी नाही. प्रत्येक पायाखाली अडीच फूट चौरस खड्डा ३ फूट खोल घ्यावा. मुरूम त्याहून खाली असल्यास तेथपर्यंत जावे. काळी माती फार खोल असेल तर तळाशी एक फूट मुरूम पाणी घालून चोपावा.

प्रत्येक पायाच्या दोन्ही अंगांस दोन इंच रुंद व दोन सूत जाड लोखंडी पट्टी दोन दोन बोल्टांनी जोडावी. पट्टीचे खालचे टोक वाकविलेले असून ते काँक्रीटमध्ये निदान एक फूट जावे. जालन्यास लोखंडाचे कारखाने असल्यामुळे हा माल मिळण्यास आपणांस अडचण नाही. मग संपूर्ण घोडी खड्ड्यांवर उभी करून, ओळंब्याने व पाणसळीने साधून, टेकू देऊन स्थिर करावी आणि नंतरच काँक्रीट ओतावे. आधी काँक्रीट केल्यास पट्ट्या नेमक्या जागी येत नाहीत, हा पुष्कळांचा अनुभव आहे. काँक्रीट एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू व चार भाग खडी या मापाने, दीड फूट चौरस व दोन फूट उंच घालावे. असा ठोकळा सुमारे ३०० किलो भरतो; तो उचलला जाणे शक्य नाही. ठोकळ्याचा माथा जमिनीच्या वर चार इंच ठेवून बाहेरच्या अंगास उतार द्यावा, आणि लाकडाचे टोक त्या माथ्यापासून एक बोट वर राहील असे पाहावे. तेथे पाणी साचले नाही म्हणजे कूज नाही. हाच आपला तळखडा. ठोकळ्याभोवतीच्या मोकळ्या जागेत काळी माती न भरता मुरूम भरावा, म्हणजे फुगणारी माती ठोकळ्यास धरणार नाही. दहा दिवस पाणी मारावे व तोपर्यंत मुलांस घोडीस हात लावू देऊ नये.

दोर, कड्या व पाट

दोर तुळईवर नुसता टाकून बांधू नये. प्रत्येक हेलकाव्यास तो घासतो व आतून तुटत जातो. तुळईतून उभा आरपार जाणारा कडीचा बोल्ट बसवून त्यास दोर किंवा साखळी अडकवावी. अंबाडीचा व घायपाताचा दोर हातास सुखद, परंतु पावसात आतून कुजतो. नायलॉनचा दोर कुजत नाही, पण उन्हाने त्याचे बळ कमी होते. दोर कोणताही असो, पीळ उलगडून आतील धागे पाहावे. काळपट किंवा भुकटी झालेले दिसल्यास दोर टाकून द्यावा. साखळी टिकाऊ असते, मात्र तिच्यात बोटे चिमटतात, म्हणून हातात धरण्याच्या जागी रबरी नळी चढवावी.

पाट जमिनीपासून दीड फूट उंच असावा. फळीपेक्षा जुन्या टायरची रुंद पट्टी बरी. ती हलकी व मऊ असते. फळीच घ्यावयाची तर सर्व कडा रंध्याने गोल कराव्या. लहान मुलांकरिता पाठ व पुढे अडसर असलेला वेगळा पाट करावा. साडीचा किंवा ओढणीचा झोका मोठ्या मुलांस एकटे खेळण्यास कधीही देऊ नये. त्यात मूल गिरक्या घेते, कापडास पीळ पडतो व तो गळ्यास आवळतो. अशा रीतीने मुले दगावल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत वेळोवेळी येतात. सोडून ठेवलेल्या मोकळ्या दोरासही हीच भीती आहे.

झोक्याखालची जमीन चोपलेली नसावी. उन्हाळ्यातील तुडविलेली काळी जमीन दगडाहून मऊ नसते. एक फूट माती काढून तेथे वाळू किंवा सुताराकडील लाकडाचा भुसा भरावा व वरचेवर तो मोकळा करावा.

परीक्षा व निगा

मुलांस बसविण्यापूर्वी प्रत्येक पाटाच्या कड्यांस धान्याची पोती टांगून सुमारे २०० किलोचा भार तासभर ठेवावा. त्या वेळी कोणीही खाली उभे राहू नये. तुळई वाकली तर किती, सांधे उघडले काय, हे पाहावे. हे सर्व ठीक उतरल्यावर घरातील थोर माणसाने प्रथम बसावे.

पुढील निगा सणांशी बांधून ठेवावी, म्हणजे विसर पडत नाही. अक्षय तृतीयेस सर्व बोल्ट आवळावे, कारण उन्हाने लाकूड आकसते. पंचमीपूर्वी आठ दिवस दोर, कड्या व पाट तपासावे. दसऱ्यास शस्त्रे पुजतो त्या दिवशी लाकडास जवसाचे तेल द्यावे, जाड रंग देऊ नये. तेल दिलेल्या लाकडाची तडा दिसते, रंगाखालची दिसत नाही. आणि वर्षातून एकदा प्रत्येक पायाच्या बुडाशी चाकूचे टोक खुपसून पाहावे. टोक सहज आत गेले तर झोका त्याच दिवशी काढून ठेवावा. मुले रडतील, रडू द्यावी.

आमचा दुसरा झोका उभा राहून दोन वैशाख व दोन पावसाळे गेले. भोवतीच्या जमिनीस भेगा पडतात, पण घोडी हालत नाही. नातीचा हात बरा झाला आहे. पहिल्या वर्षी ती पाटावर बसण्यास तयार नव्हती. आम्ही स्वतः बसून दाखविल्यावर ती खांब हलवून पाहू लागली, आणि मग बसली. आता दर वेळी बसण्यापूर्वी ती प्रथम खांब हलवून पाहते. वाचक शेतकरी बंधूंनीही निदान एवढे तरी आजच करावे, अशी आमची विनंती आहे.